वाळूचं ताट

शाळा सुटल्यावर पोरगी बाईंपुढे धडा घडाघडा वाचत होती, आणि मागच्या बाकावर बसलेला तिचा बाप मान उंचावून पुस्तकाकडे बघत होता. गोष्टीतलं बदक तळ्यात उतरून पोहायलासुद्धा लागलं, पण पान अजून उलटलंच नव्हतं!

त्याला लगेच कळलं. आईने रोज वाचून दाखवलेलं सगळं पोरीने पाठ केलं होतं. लहानपणी त्यानेही हेच केलं होतं. पकडला गेला तेव्हा वर्गभर हशा पिकला, आणि तो जो सुतारकामात शिरला तो शाळेत पुन्हा फिरकलाच नाही. देवा, हिला कोणी हसू नये, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

बाईंनी हळूच पुस्तक मिटलं. पोरीचा आवाज तरी दोन शब्द पुढे धावला आणि गप्प झाला. चेहरा पांढराफटक पडला.

"पाठांतर झकास आहे गं तुझं," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. कपाटातून बारीक वाळू पसरलेलं ताट काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं आणि त्यात बोटाने मोठा 'म' काढून दाखवला. "तोंडाने म्हणायचं, बोटाने काढायचं. चुकलं तर हात फिरवायचा, की पुसलं."

पोरीने दोन्ही हात टेबलाखाली दडवले. "मला नाही येणार. मग तुम्ही मला बारक्यांच्या वर्गात बसवाल."

बाप कसा उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "बाई, आधी मी काढू का? मलाही येत नाही."

पोरगी गर्रकन वळली. "मग रोज सकाळी पेपर वाचता ते?"

"फोटो बघतो गं."

बाईंनी ताट हलवून वाळू सपाट केली. लाकडावर पटाशी चालवताना कधी न थरथरलेलं त्याचं बोट वाळूवर टेकलं आणि लटलट कापायला लागलं. 'म'ची गाठ कुठल्या बाजूला, काही केल्या आठवेना. कानशिलं तापली. मागचे बाक रिकामे होते, तरी त्याला हसण्याचा आवाज येत होता.

टेबलाखालून एक छोटा हात वर आला आणि त्याच्या हातावर बसला.

"घाबरू नका हं बाबा," पोरगी म्हणाली. "पुसता येतं."