सुई ओढण्याची कृती

लोर्ना गेल्याचं तिच्यासोबत काम करणाऱ्या मेरिटने सोमवारी सकाळी सगळ्या प्रयोगशाळांना कळवलं. दुपारपर्यंत चौदा पत्रं आली. सगळ्यांना वाईट वाटलं होतं. नऊ जणांनी शेवटी विचारलं होतं, आता सुया कोण पाठवणार?

उंदराच्या मेंदूतल्या एकाच पेशीचे विद्युत संकेत टिपणाऱ्या काचेच्या सुया लोर्ना नळी तापवून हाताने ओढायची. मागेल त्याला फुकट पाठवायची. त्यासाठी सरकारी अनुदान होतं. पुढच्या पाच वर्षांचा अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचा होता. अट एकच, लिहिलेल्या कृतीवरून नवख्या माणसाला सुई जमली पाहिजे.

गुरुवारी लोर्नाचा नवरा आर्लन प्रयोगशाळेतलं तिचं कपाट रिकामं करायला आला. शेजारच्या प्रयोगशाळेतली कोलीन नवखी म्हणून लोर्नाच्या कृतीवरून सुया ओढत बसली होती. पुढ्यात फुटक्या काचांचा ढीग होता.

"आर्लन, मी दारात जेवणाची हॉटडिश ठेवली होती. खाल्लीत का?"

"फ्रीजमध्ये सात झाल्यात. तुझी कुठली?"

कोलीन हसली नाही. "दहा पायऱ्या जमतात. अकरावीत तुमच्या बायकोने लिहिलंय, काच तापली की नेहमीइतकं थांबून ओढावी. तिचं नेहमीइतकं मला कसं कळणार?"

"व्हिडिओ आहे ना?" आर्लनने विचारलं.

शेजारी बसलेल्या मेरिटने मान खाली घातली. "पाठवायला सोपा जावा म्हणून तीन मिनिटांचा केला. नुसतं थांबलेलं कोण बघणार, म्हणून तेवढं मीच कापलं. आवाजही काढला. मूळ फाइल ठेवली नाही."

कोलीनने आणखी एक काच तापवली. ओढली. तीही फुटली.

"थांबताना ती काहीतरी गुणगुणायची," मेरिट म्हणाली. "गाणं संपलं की ओढायची, एवढं मला आठवतंय. आर्लन, घरीही म्हणत असेल ना ती?"

"म्हणायची. भांडी घासताना, रोज."

"मग म्हणून दाखव की. चाल चुकली तरी चालेल. किती लांब आहे तेवढं कळू दे."

आर्लनने तोंड उघडलं.

"मी टीव्हीचा आवाज वाढवायचो," तो म्हणाला.

कोलीनने काच तापवायचा दिवा बंद केला.

शुक्रवारचे पाच वाजून गेले, अर्ज गेला नाही. अकराव्या पायरीत किती थांबायचं, ते अजून लिहायचं आहे.