समुद्रानं आणलेला नारळ

मी चोको किनाऱ्यावरच्या अभयारण्यात वाटाड्या आहे. साहेबांनी आमच्याकडून एक वाक्य घोटून घेतलंय: "या जंगलात माणसाची वस्ती कधीच नव्हती." आज पाहुण्यांना मी ते ऐकवलं, तेव्हा त्यांच्यासाठी मासे आणि तळलेली केळी घेऊन आलेली माझी आई मागेच उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मग इतक्या आत हे नारळाचं झाड कोणी लावलं?" एका बाईंनी विचारलं.

"भरतीबरोबर वाहत आलं असेल," मी ठोकून दिलं. माना डोलल्या, फोटो निघाले.

आईनं झाडावर हात ठेवला आणि आमच्या बोलीत हळूच म्हणाली,


"हो रे निकानोर, नारळ समुद्रानंच आणला. आणि त्याच्याखाली तुझी नाळ काय खेकड्यांनी पुरली?"