दोरीवरची ओढणी

अब्बा लहान विमान चालवायला शिकवायचे. धावपट्टीच्या भिंतीला लागूनच आमची गच्ची. "वाऱ्याची दिशा कळावी म्हणून तिथे कापडी नळा लावलाय खरा," ते जेवताना म्हणायचे, "पण मी आपला फरहतची ओढणी बघून उतरतो."

"म्हणजे आकाशातूनही माझ्या धुण्यावर लक्ष!" अम्मी म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात उतरताना वाऱ्याच्या झोतानं त्यांचं विमान कलंडलं. विमानात ते एकटेच होते. चौकशीत दोष वाऱ्याचाच निघाला.

तेव्हापासून अम्मी दोरीवरची ओढणी काढत नाही. एक फाटली की दुसरी वाळत घालते.

काल संध्याकाळी एकाएकी जोराचा वारा सुटला. शेजारच्या गच्चीवरून उत्कर्षा ओरडली, "चाची, कपडे काढा, नाहीतर स्वारगेटला जाऊन शोधावे लागतील!"

मी धावत वर गेले. अम्मी दोरीपाशीच उभी होती. मी चिमट्याला हात घातला, तसं तिनं माझं मनगट धरलं.

"अम्मी, अब्बा आता येणार नाहीत." इतके महिने न बोललेलं मी बोलून टाकलं.

"माहीत आहे गं मला," ती म्हणाली. ओढणी फडफडत होती आणि ती भिंतीपलीकडे बघत होती.



"त्या दिवशी असाच वारा सुटला, तेव्हा मी घाईघाईनं सगळे कपडे काढून आणले होते."