हायकोर्टाचं स्टूल

मुलांनो, डोळे मिटा बरं, आणि बघा. बालाघाटातल्या एका घराची ओसरी. सकाळचं कोवळं ऊन. उंच स्टुलावर नऊ वर्षांची उमा बसली आहे, पाय जमिनीला पोचत नाहीत. समोर काळा कोट घालून तिचे बाबा, मुकुंदराव वकील, अदबीने उभे आहेत.

"माय लॉर्ड," बाबा म्हणाले, "लामता गावच्या महागूने शेजाऱ्याचं कापून रचलेलं धानाचं पुंजणं पेटवलं, असा आरोप आहे. महागू तेव्हा कुठे होता, हे सांगणारा साक्षीदार कोर्टाच्या दारात उभा होता. खालच्या कोर्टाने त्याला आत बोलावलंच नाही. ऐकून न घेता दिलेला निकाल हा निकालच नव्हे."

मग बाबांनी सरकारी वकिलाची बाजूही मांडून दाखवली. "अपील मंजूर," उमा म्हणाली.

हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला गेल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तिकडे निघायच्या दिवशी बाबा आधी उमापुढे उभे राहत. पोरीला पटलं तर जजसाहेबांना पटेल, असा त्यांचा हिशेब. स्टुलाचा कायदा एकच. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पुढे उमा स्वतः जबलपूरला फौजदारी अपिलं चालवू लागली. वकिली कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की तिला कॉलेजच्या आधी हे स्टूल आठवे, आणि ही सकाळ.

जबलपूरला जाणारी दुपारची छोटी रेल्वेगाडी गाठायची होती. बाबांनी खिशात हात घातला. घड्याळ नव्हतं. टेबल धुंडाळलं, उशा उलटल्या. मग ते तरातरा अंगणात गेले. मैनाबाई भांडी घासत होती.

"मैनाबाई, माझं घड्याळ गेलं. घरात बाहेरचं माणूस तू एकटीच. उद्यापासून येऊ नकोस."

मैनाबाईचा राखेचा हात पातेल्यातच थांबला. "साहेब, मले बोलू तं द्या. काल मी..."

बाबांनी हात वर केला. "मला वेळ नाही."

"चोट्टी म्हनतीन मले मोहल्ल्यात. मंग कोन काम देईन जी?"

बाबांनी पाठ फिरवली. ते पायरीवर बसून बूट चढवू लागले.

उमा दारातून बघत होती. आता बाबा ऐकून घ्यायला थांबतील, असं तिला वाटलं. स्टुलासमोर ते नेहमी थांबायचे. बाबा नाडी बांधत राहिले.

उमा ओसरीत गेली. स्टूल तिला उचलवेना. तिने ते खडखड ओढत अंगणात आणलं, बाबा आणि मैनाबाई यांच्या मधोमध ठेवलं आणि वर चढून बसली.

"अपील दाखल करून घेतलं," ती म्हणाली. मग मैनाबाईकडे वळून तिच्याच बोलीत म्हणाली, "सांग तू. हायकोर्ट ऐकून राह्यलं."