ओलं गोणपाट

"आये, कशाला हात लावू नको. भिंतीवरची ती डबी भाईरचं ऊन मोजते. जेवढं ऊन, तेवढे आत पंखे फिरतात," असं बजावून सहदेवानं मोटारसायकलला किक मारली आणि तो कर्जतला गेला. चारी बाजूंनी बंद शेडमधल्या कोंबड्या उद्या पहाटे टेंपोत चढायच्या होत्या.

चंद्राबाईला हसूच आलं. ऊन मोजते म्हणे! ऊन काय मोजायचं? अंगाला कळत नाय? वैशाख भडकला की भिंतीला ओली गोणपाटं लावायची, जनावर गार राहतं. एवढी वर्षं तेच तर केलं होतं तिनं. तिनं गोणपाटं भिजवली आणि शेडच्या उन्हाकडच्या भिंतीवर टाकली. ती डबीही बिचारी भाजत होती. तिच्यावरही एक टाकलं.

थोड्या वेळानं आतले पंखे एकेक करून थांबले. चंद्राबाई खूश! बघा, एवढं गार झालं की पंख्यांची गरजच उरली नाय. तिनं गोणपाटांवर पुन्हा बादली ओतली आणि फणसाखाली जरा आडवी झाली. आतून आवाज येत नव्हता. निजल्या असतील दुपारच्या, तिला वाटलं.

सहदेव आला, त्यानं शेडचं दार उघडलं आणि तो तिथंच थिजला. त्याच्या खांद्यावरून चंद्राबाईनं आत पाहिलं. चोची उघड्या, पंख पसरलेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही मान वर नव्हती.

"अगं बाई गं! लाईट गेली व्हती काय रं?"

"नाय." दारावरचा दिवा तर जळत होता. सहदेव धावत भिंतीकडं गेला. डबीवरचं गोणपाट त्यानं ओढून काढलं. पाणी निथळत होतं.

"आये, हे कुणी टाकलं?"

"मीच. तिला ऊन लागत व्हतं रं..."

तो मटकन खाली बसला. चंद्राबाई आत शिरली आणि एकेक कोंबडी उचलून बघू लागली. तोंडात पाणी घालून पाहिलं, हलवून पाहिलं. सगळ्यांच्या माना लुळ्या.

बाहेर डबी हळूहळू सुकली, तापली. आत एक पंखा फिरला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळेच्या सगळे घरघरू लागले. शेडभर वारा सुटला.

"सहदेवा!" चंद्राबाई किंचाळली. "ये रं लवकर! हलली! बघ, पिसं हलली!"