मराठीत अजून जिती

"मेलीच पायजे होती," वच्छलाबाई म्हणाली आणि तुरीची शेंग अशी मोडली, की दाणे टोपलीत पडायचे ते खोलीभर झाले. "थोरली जाऊ जिती हाये तवर हिरोइनच्या हाती किल्ल्या येतीन का?"

टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. दुपारची मालिका लागायला अजून अवकाश होता. पुढच्या खोलीत चौघी शेंगा सोलत बसल्या होत्या: घरची मालकीण जयवंताबाई, तिची लेक मीनल, सून नीलिमा आणि शेजारची वच्छलाबाई. नीलिमाला भिंतीला टेकवून, पायांखाली उशी देऊन बसवलं होतं. पायांवरची सूज आता गुडघ्यांच्या वर आली होती. शेंग सोलली की तिच्या बोटावर खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा.

वाद सुमतीवरून होता. मालिका एकच, पण दोन भाषांत निघालेली. नटनट्या निराळ्या, गोष्ट तीच. तेलुगूतली पुढे चालायची, मराठीतली मागून यायची. मीनल आदिलाबादच्या कॉलेजात तेलुगूतून शिकलेली, ती फोनवर तेलुगूतली बघे. बाकीच्या टीव्हीवर मराठी बघत. आणि मीनलनं आज सांगून टाकलं होतं, की तेलुगूत थोरली सून सुमती आजारानं मेली.

"आमच्या ग्रुपात नुसती मारामारी चालू हाये," मीनल म्हणाली. "अर्धे म्हनते, तिले फुकट मारलं. अर्धे म्हनते, ती मेली म्हनूनच हिरो सुधरला. दारू सोडली त्यानं."

"दिराले सुधरवासाठी भावजयीनं मराचं?" नीलिमाला बोलताना दम लागत होता. "एक कानफटीत वाजवली असती तं काम झालं असतं."

सगळ्या हसल्या. जयवंताबाई म्हणाली, "भल्या बायाइले मालिकेत असंच मारतेत वो. कजाग जितीच राह्यते. या वच्छलीले कोनी मारन का?"

"मी मेली तं तुमी भांडान कोनासंगं, जयवंताबाई?"

पुन्हा हसू झालं. नीलिमा मात्र हातातल्या दाण्यांकडे बघत होती.

"तिच्या पोरीचं काय झालं मंग?" तिनं विचारलं.

"कोनाच्या?"

"सुमतीच्या. लहानी पोरगी हाये ना तिले."

मीनलला आठवावं लागलं. "तेरवीच्या दिवशी दिसली होती. त्याच्यानंतर दाखवलीच नाई."

"दाखवलीच नाई म्हंजे? जेवू कोन घालते तिले? वेनी कोन घालते?"

"तसलं नाई दाखवत, वैनी. गोष्ट हिरोइनची हाये."

नीलिमानं दाराकडे पाहिलं. तिच्या लेकीची, नेहाची, शाळा सुटायला वेळ होता. सकाळी तिची वेणी घालताना नीलिमाचे हात मध्येच गळून गेले होते. अर्धी वेणी पोरीनं स्वतःच कशीबशी बांधली आणि दप्तर घेऊन पळाली.

"मराठीवाले नाई मारनार सुमतीले," नीलिमा म्हणाली. "ते बदलतीन."

"नाई बदलत."

"बदलतीन!" तिचा आवाज असा निघाला, की वच्छलाबाईचा हात थांबला. "तुमाले काय मालूम? चांगल्या डॉक्टरले दाखवलं, नागपूरले नेलं, तं वाचन ना ती? काऊन नाई वाचन?"

मीनल वादाच्या भरात होती. "वैनी, कथा एकच असते. तेलुगूत जे ठरलं तेच मराठीत होते. भाषा बदलली म्हनून मानूस वाचते का?"

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. हातातली शेंग तशीच राहिली.

नीलिमा तिच्याकडे बघत होती. नीलिमाचं माहेर पैनगंगेपलीकडचं, महाराष्ट्रातलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी तेलुगू काही तिच्या कानात बसली नव्हती. सोमवारी आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर तिच्यासमोरच तिच्या नवऱ्याशी, वैभवशी, आणि मीनलशी तेलुगूत बोलला. बराच वेळ बोलला. ती कधी याच्या, कधी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टर थांबला तेव्हा वैभवनं चष्मा काढून पुसला आणि मराठीत तिला एवढंच सांगितलं, "गोळ्या घे. बरी होशीन." मीनल त्याआधीच औषधं आणायला म्हणून बाहेर पडली होती. परत आली ती तोंड धुऊन.

"मीनलबाई," नीलिमा म्हणाली, "डॉक्टर तेवढा येळ काय बोलला?"

जयवंताबाईनं रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. वच्छलाबाई पदर झटकत उठली, "माह्यं दूध हाये चुलीवर," म्हणाली आणि उठूनही तिथंच उभी राहिली. मीनलनं मान खाली घातली. तिचे खांदे हलू लागले.

मालिकेचं गाणं संपलं. मराठीतली सुमती डोक्यावर पदर घेऊन पंगतीत भाकरी वाढत होती. कोणाच्या ताटात काय कमी आहे ते वाकून वाकून बघत होती.

नीलिमानं ढिगातून मूठभर शेंगा उचलल्या आणि ओटीत घेतल्या.

"रडू नका," ती म्हणाली. "मले इतकंच सांगा. मराठी किती मागं चालू हाये?"