हलू नकोस

"अगं, हलतेस कशाला! पुतळ्यासारखी उभी राहा!"

वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी उभा राहून तपासनीस ओरडत होता. वर माथ्यावर त्याची बायको त्याच्याच जुन्या लांब कोटात आणि रुंद काठाच्या हॅटमध्ये उभी होती. तिच्यामागे सूर्य बुडत होता. वाऱ्यानं हॅट उडू नये म्हणून तिनं हात वर केला आणि नेमका तेव्हाच कॅमेऱ्याचा खटका पडला.

"बाद," तो म्हणाला.

हा त्याचा लाडका शब्द. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो माल तपासायचा. बाटलीत बुडबुडा दिसला की बाद. ही खोड तो घरीही आणायचा आणि सहलीलाही. चहा बाद, तंबू बाद, बरोबरची माणसं तर सरसकट बाद. फोटोग्राफी शिकायला आलेल्या त्या गटानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव बादसाहेब ठेवलं होतं, अर्थात त्याच्या पाठीमागे.

त्याच्या मते गटातला सगळ्यात टाकाऊ माल म्हणजे दातांची डॉक्टरीण. सगळे बसनं आले, ही आपली गाडी हाकत एकटीच आलेली. माणसाएवढा उंच ट्रायपॉड घेऊन आली होती, पण तो उघडता येईल तर शपथ. दोन पाय लांब व्हायचे, तिसरा अडून बसायचा.

"दात उपटायची पक्कड लावून बघा," तो चारचौघांत म्हणाला.

डॉक्टरीण नुसती हसली. बायको खाली उतरून आली तशी डॉक्टरणीनं आपल्या थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे केली.

"तुम्ही नाही काढत फोटो?"

"मी फोटोत असते."

"मग दाखवा की एखादा."

"काय बघायचंय त्यात? मुंगीएवढी दिसते. लांबून घेतात ना, चेहरा येत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

तपासनिसानं नाक मुरडलं. "टेकडी केवढी मोठी आहे ते कळावं म्हणून माणूस उभा करायचा असतो. चेहरा काय करायचाय? बायकांना एवढंही कळू नये!"

डॉक्टरणीनं बायकोच्या पेल्यात आणखी कॉफी ओतली.

अंधार पडायच्या आत शिकवणाऱ्या मास्तरनं सगळ्यांना गोळा केलं. वयानं पोरसवदा होता. तो काका म्हणाला की तपासनिसाच्या कपाळाला आठी पडायची.

"सूर्यास्ताला खटका पटकन पडतो," मास्तर म्हणाला. "ताऱ्यांचं तसं नाही. कॅमेऱ्याचा डोळा वीस सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्यात जो हलला तो फोटोत धुरासारखा पुसट होतो. पांढरा उजेड कुणी लावायचा नाही. सकाळी मी एकच फोटो निवडणार. प्रदर्शनात दारासमोर तोच लागेल."

तपासनीस आला होता तो त्या दारासमोरच्या जागेसाठी. आधीच्या दोन सहलींत ती जागा हुकली होती. दोन्ही वेळा बायको धुरासारखी आली होती आणि त्याचं खापर त्यानं घरी महिनोन्महिने तिच्याच डोक्यावर फोडलं होतं.

"या वेळी हललीस तर पुन्हा कुठे म्हणून नेणार नाही," त्यानं तिला बजावलं.

"बरं."

"लाल बॅटरी दोनदा दाखवीन, मग उतर. तोवर हूं नाही की चूं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि टेकडी चढू लागली.

डॉक्टरीणही ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघाली. "मी वरून एकदा बघते आणि तशीच पलीकडे उतरून जाते. गाडी तिकडच्या रस्त्यावर लावलीये. सकाळी दवाखाना उघडायचाय."

"खुशाल जा. माझ्या फोटोत तेवढ्या कडमडू नका."

तारे निघाले. एवढे तारे त्या लोकांनी जन्मात पाहिले नव्हते. एवढ्यात टेकडीमागे गाडीचे दिवे लागले आणि माथ्याची कड उजळून निघाली.

"जाताजाता उजेड पाडलाच बाईनं!" तपासनीस खेकसला. गाडीचा आवाज विरून गेला. "चला, पीडा टळली."

मग त्यानं खटका दाबला. वीस सेकंद झाले. पडद्यावर चित्र उमटलं. वर अख्खं आकाश, खाली टेकडीची काळी धार आणि तिच्यावर ती, कोट आणि हॅट घालून. कुठे पुसट नाही, कुठे थरथर नाही. त्यानं आणखी एक घेतला, मग आणखी एक. प्रत्येकात ती सुरीनं कापल्यासारखी रेखीव.

"शाब्बास!" तो ओरडला. लग्न झाल्यापासून हा शब्द त्यानं तिच्यासाठी पहिल्यांदाच काढला होता.

वरून हूं की चूं आलं नाही. शेवटी शिकली म्हणायची, त्याला वाटलं.

थंडी फार झाली तेव्हा त्यानं लाल बॅटरी दोनदा दाखवली आणि तिची वाट न बघता पुरुषांच्या तंबूत जाऊन पडला. तिचा तंबू वेगळा होता. येईल आपली आपण.

सकाळी मास्तरनं मोठ्या तंबूत घडीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. चहाचे पेले घेऊन सगळे भोवती जमले. बायको अजून दिसत नव्हती. लोळत पडली असेल, दुसरं काय येतं तिला?

"हाच," मास्तर म्हणाला. "दारासमोर हाच लागणार. काकूंची कमाल आहे! मी शिकवायला लागल्यापासून इतकं स्थिर माणूस पाहिलं नाही. कसं जमवलंत, काका?"

तपासनिसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आज त्याला काकाही गोड लागलं.

"शिस्त," तो म्हणाला. "संसारात पहिल्यापासून लावावी लागते."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरनं कौतुकानं बायकोची आकृती मोठी केली. आधी हॅट आली, मग कोट, मग कोटाच्या खालची वाळू. त्याचा हात तिथेच थांबला. तो पडद्याजवळ वाकला.

"काका," तो म्हणाला, "काकूंना पाय तीन कसे?"